भाच्याची नाराजी आणि मुलाची भरती

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

फौजेत असलेला आपला भाचा पोळ्याला गावी आला आणि ‘तिकडे मन लागत नाही’ असे सांगून गेला; तेव्हापासून बारावी विज्ञान झालेल्या मुलाला अग्निवीर भरतीस (सैन्यातील चार वर्षांच्या सेवेस) पाठवावे की नाही, या विचाराने आपण अस्वस्थ आहात. पगार बरा असताना बिनसते कुठे, हा आपला प्रश्न रास्त आहे.

माझ्याकडे येणारे जवान पगाराविषयी क्वचितच कुरकुरतात. त्यांचे बोलणे फिरून फिरून सुटीवर येते. नियमित जवानास वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, अग्निवीरास मात्र वर्षाला ३० दिवसच मिळतात, आणि ती केव्हा मिळेल हे युनिटच्या गरजेवर ठरते. (सोयाबीन काढणीच्या वेळी मुलगा घरी असेलच, हे धरून चालू नये.) बहिणीच्या लग्नाला पोहोचता आले नाही, ही सल अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

त्याखालोखाल वरिष्ठांची वागणूक. हुद्दा आणि पगार तोच असूनही एका युनिटमध्ये जवान रमतो आणि दुसऱ्यात कंटाळतो, कारण सैनिक संमेलनात (युनिटप्रमुख आणि जवानांच्या बैठकीत) मांडलेली अडचण एके ठिकाणी मनावर घेतली जाते आणि दुसरीकडे ऐकून सोडून दिली जाते. फील्डमध्ये, म्हणजे सीमेसारख्या खडतर भागातील नेमणुकीत, कुटुंब सोबत ठेवता येत नाही. पण आपला मुलगा अविवाहित असल्याने ते तूर्त बाजूला ठेवू.

कामाची आवड मात्र आजच पाहावी. तो मोटारपंप खोलून जोडतो, असे आपण लिहिले आहे. अशा मुलाने केवळ जनरल ड्यूटीचाच (सर्वसाधारण सैनिकाच्या प्रवर्गाचाच) विचार का करावा? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी घेऊन बारावीत एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० टक्के गुण असल्यास त्याला टेक्निकल प्रवर्गातून अर्ज करता येतो, आणि हातांना आवडीचे काम मिळाले तर खडतर जागाही सुसह्य होते, असा माझा अनुभव आहे.

चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरच नियमित सेवेत घेतले जातात. ही टांगती तलवार मनःस्वास्थ्यावर परिणाम करते, म्हणून पुढच्या शिक्षणाची आखणी भरतीपूर्वीच करावी.

भाच्याला फोन करून एवढेच विचारा, की त्याला खुपते ते काम, माणसे की घरापासूनचे अंतर. काम हे उत्तर आले, तर गुणपत्रिकेची प्रत मला पाठवा. प्रवर्ग आपण मिळून ठरवू.