शिंपला वाढवूनही ब्रॉयलर लंगडतात, कारण कॅल्शियम जास्त झालंय

दादा, तुमचं खाद्य असं आहे: मका आणि सोयापेंडीच्या 100 किलोंत 2 किलो जनावरांचं मिनरल मिक्श्चर आणि 3 किलो शिंपला पावडर. 18व्या दिवसापासून पिल्लं लंगडायला लागली म्हणून आणखी शिंपला घालू का, असं विचारताय. घालू नका. आहे तोही थांबवा.

हिशोब बघा. शिंपल्यात कॅल्शियम 36-38 टक्के, म्हणजे 3 किलोंतून 1.1 किलो आलं. मिक्श्चरमध्ये 20 टक्के धरलं तर आणखी 400 ग्रॅम. पेंडीतलं मिळवून खाद्यात 1.6 टक्के झालं. स्टार्टरला, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला, 0.95 ते 1 टक्का पुरतं. उलट पचणारा फॉस्फरस 0.45 टक्के हवा, तो तुमच्याकडे जेमतेम 0.36 भरतो. कॅल्शियम आणि या फॉस्फरसचं प्रमाण दोनास एक असावं, तुमचं साडेचारास एक झालंय. मका-पेंडीतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये (कोंबडीला नीट न पचणाऱ्या रूपात) अडकलेला असतो, आणि जादा कॅल्शियम उरलेलाही आतड्यात बांधून ठेवतं. हाड मऊ राहतं ते त्यामुळं. लेअरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) खाद्य ब्रॉयलरला घातल्यावरही हेच होतं, वर मूत्रपिंडं खराब होतात.

दुसरी गोष्ट मँगनीजची. जनावरांच्या मिक्श्चरमध्ये ते साधारण 0.12 टक्के असतं. 2 किलोंतून किलोभर खाद्याला 24 मिलिग्रॅमच मिळतं. कोंबडीला किमान 60 लागतं. म्हणून पोल्ट्रीचंच ट्रेस मिनरल प्रीमिक्स (मँगनीजसारख्या थोड्या लागणाऱ्या खनिजांचं तयार मिश्रण) घ्या.

मेलेल्या पक्ष्याचं पायाचं हाड मोडून बघा. काडकन न तुटता वाकलं, चोचही मऊ लागली, तर मुडदूस. हाड टणक आहे पण ढोपराच्या सांध्यावरची शीर बाजूला सरकून पाय आडवा वळलाय, तर मँगनीज किंवा कोलीन (व्हिटॅमिनसारखं एक पोषकद्रव्य) कमी पडलंय. तो पाय परत सरळ होत नाही, असे पक्षी वेगळे काढा. मुडदुसात लवकर खाद्य बदललं तर बरेच पक्षी सावरतात. पाण्यातून टॉनिक द्यायचं तर फॉस्फरस आणि डी3 असलेलं निवडा, नुसतं कॅल्शियमचं नको.

आता जुनं मिक्श्चर आणि 3 किलो शिंपला बंद करून 100 किलो स्टार्टरला डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट 1.8 किलो (18 टक्के फॉस्फरसवालं), चुनखडी किंवा शिंपला पावडर 1.2 किलो, मीठ 300 ग्रॅम. फिनिशरला (शेवटच्या टप्प्याच्या खाद्याला) डीसीपी दीड किलो आणि पावडर 1 किलो. किलोभर खाद्याला 500 युनिट फायटेज (फायटेटमधला फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम) पडत असेल तर डीसीपी अर्धा किलो कमी चालतं, पण पावडर वाढवली की फायटेजचं कामही मंदावतं. डीसीपी स्वस्त मिळालं तर आधी फॉस्फरस तपासून घ्या, त्यात चुनखडीची भेसळ होते.

प्रीमिक्स लेबलवरच्या मात्रेनं, बहुधा 100 किलोला 50 ते 100 ग्रॅम. ते थेट ढिगावर टाकू नका. आधी 2 किलो भरड्यात, मग 10 किलोत, मग सगळ्यात कालवा. व्हिटॅमिन आणि कोलीन मिनरलमध्ये मिसळून साठवू नका. ओल धरते आणि व्हिटॅमिन मरतात.

उन्हाळ्यात पारा 42 वर गेला की पक्षी धापा टाकतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि त्यापाठोपाठ बायकार्बोनेटही कमी होतं. तेव्हा 100 किलोला 200 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. मात्र आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं. पाणी तपासून घ्या. सोडियम-क्लोराईड जास्त निघालं तर मीठ त्या मानानं कमी करा, नाहीतर विष्ठा पातळ होऊन तुसाची गादी ओली राहील.