अ‍ॅनिमेशनपट कोणकोणत्या टप्प्यांतून तयार होतो? आणि सुरुवात कुठल्या सॉफ्टवेअरपासून करावी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अ‍ॅनिमेशनपट बनताना नेमके कोणते टप्पे असतात, आणि चार मित्रांनी मिळून तीन मिनिटांचा लघुपट करायचा तर सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: इतक्यात कुठलंच नको. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच येईल.

मी थ्रीडी अ‍ॅनिमेशनमध्ये लेआउट विभागात काम करतो. कॅमेरा कुठे लावायचा, पात्रं कुठे उभी करायची, शॉट किती लांबीचा ठेवायचा हे आमचं काम. त्यामुळे पुढच्या मजकुरात थोडा पक्षपात आढळेल, तेवढा चालवून घ्या.

नेटवर शोधलंत तर प्री-प्रोडक्शन, प्रोडक्शन, पोस्ट-प्रोडक्शन अशा तीन चौकटींचा तक्ता सगळीकडे दिसेल. तो चुकीचा नाही, पण नटांना घेऊन केलेल्या सिनेमावरून उचललेला आहे आणि खरी गोम त्यात हरवते. त्या सिनेमात गरजेपेक्षा कितीतरी जास्त चित्रीकरण करून ठेवतात आणि मग संकलक त्यातून सिनेमा काढतो. अ‍ॅनिमेशनमध्ये हे परवडणारच नाही. सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे सुटी स्थिर चित्रं) धरल्या तर ९० मिनिटांच्या १,२९,६०० फ्रेम होतात. मोठ्या स्टुडिओत पूर्ण लांबीच्या सिनेमावर काम करणारा अ‍ॅनिमेटर आठवडाभरात साधारण तीन ते पाच सेकंदांचं काम हातावेगळं करतो. एवढ्या मेहनतीचा शॉट ‘करून तर ठेवू, लागला तर वापरू’ म्हणून कोण करेल? म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी संकलन, मग चित्रीकरण. एवढं लक्षात आलं की बाकीचे टप्पे आपोआप जागेवर बसतात.

कथा-पटकथेबद्दल फार लिहीत नाही. कागदावरची पटकथा अ‍ॅनिमेशनमध्ये शेवटपर्यंत तशीच राहिली असं क्वचितच होतं, कारण ती चित्रात आली की तिचे कच्चे दुवे उघडे पडतात. संवादाचं अख्खं पान एखाद्या पात्राच्या नुसत्या खांदे उडवण्यात संपतं. उलट लेखकाने एका ओळीत लिहिलेलं ‘दोघं पळून जातात’ हे चाळीस चित्रं खातं.

ही चित्रं म्हणजे स्टोरीबोर्ड. प्रत्येक शॉटची कच्ची रेखाटनं क्रमाने भिंतीवर टाचायची ही पद्धत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत रुळली. आता भिंतीच्या जागी पडदा आला, पण काम तेच. चित्र सुंदर असण्याची गरज नाही, ते पटकन कळलं पाहिजे: कोण कुठे आहे, कोणाकडे बघतंय, त्याला काय हवंय. बोर्ड काढणारा कलाकार सगळ्या पात्रांचे आवाज काढत अख्खा प्रसंग दिग्दर्शकासमोर करून दाखवतो. सभा संपते तेव्हा अर्धी चित्रं बाद झालेली असतात. याचं वाईट वाटून घेणाऱ्याने या विभागात जाऊ नये. फेकण्यासाठी काढणं हेच तिथलं काम आहे.

मग अ‍ॅनिमॅटिक. स्टोरीबोर्डची चित्रं वेळेच्या हिशेबाने एकामागोमाग लावायची, खाली कामचलाऊ आवाज टाकायचे (ते बहुधा स्टुडिओतल्याच लोकांचे असतात), जागा भरण्यापुरतं संगीत घालायचं आणि अख्खा सिनेमा बसून बघायचा. मग पुन्हा कापायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा बघायचा. मोठ्या सिनेमांत हे चक्र वर्ष-दोन वर्षं चालू शकतं. कंटाळा कुठे येतो, विनोद कुठे पडतो, शेवट घाईत उरकलाय का, हे सगळं इथेच कळतं, आणि दुरुस्ती इथे स्वस्त असते: एक चित्र काढून दुसरं लावायचं.

इथे टॉय स्टोरीचा दाखला द्यावाच लागतो. पूर्णपणे संगणकावर बनलेला तो पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, १९९५ साली आला. नोव्हेंबर १९९३ मध्ये तो बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओने त्याचं रील, म्हणजे असंच अ‍ॅनिमॅटिक, डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवलं. त्यात वुडी हे मुख्य पात्र इतकं खवचट आणि दुष्ट झालं होतं की बघणाऱ्याला त्याच्याबद्दल काहीच वाटेना. काम थांबवण्यात आलं, कथा नव्याने लिहिली गेली आणि मगच निर्मिती पुढे सरकली. हा दोष सगळं रेंडर झाल्यावर, म्हणजे संगणकाने अंतिम चित्रं तयार केल्यावर, सापडला असता तर? तंत्राचं नवल म्हणून त्या सिनेमाचं नाव घेतलं जातं, पण तो वाचला तो या कच्च्या रीलमुळे.

अपवादही सांगतो, नाहीतर कोणीतरी प्रतिक्रियेत सांगेलच. २०२५ साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेल्या ‘फ्लो’साठी स्टोरीबोर्ड काढलेच नव्हते. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी थेट थ्रीडीत कच्चं जग उभं केलं आणि त्यात कॅमेरा फिरवत शॉट शोधले. पण त्यातून जे तयार झालं ते अ‍ॅनिमॅटिकच. स्टोरीबोर्ड टाळता येतो, अ‍ॅनिमॅटिक टाळता येत नाही, असं माझं मत आहे.

हे चालू असतानाच शेजारच्या खोलीत पात्रांचं आणि जगाचं डिझाइन चालू असतं. पात्र पुढून, बाजूने, मागून कसं दिसतं, हसताना-चिडताना चेहरा कसा होतो याची पानं बनतात. एक कलर स्क्रिप्ट होते: सिनेमाच्या प्रत्येक प्रसंगाचं एक छोटंसं रंगचित्र, सगळी एका ओळीत. ती ओळ नुसती बघूनही सिनेमा कुठे उदास होतो आणि कुठे मोकळा होतो ते समजतं. तुमच्यापैकी कोणाला रंगांची जाण असेल तर हे जरूर करा. एका दुपारीत होतं आणि पुढचे बरेच वाद वाचतात.

खरे आवाज अ‍ॅनिमेशनच्या आधी मुद्रित होतात, कारण ओठ आणि अभिनय आवाजाबरहुकूम हलवायचे असतात. मुद्रणाच्या वेळी कलाकाराच्या चेहऱ्याचं चित्रणही करून ठेवतात, अ‍ॅनिमेटरला ते उपयोगी पडतं. जपानमध्ये मात्र चित्र तयार झाल्यावर त्यावर आवाज देण्याची पद्धत जास्त रूढ आहे.

आता थ्रीडीचा कारखाना. मॉडेलिंगमध्ये पात्राचा आकार घडतो, टेक्स्चरमध्ये त्याची त्वचा, कापड, गंज, मळ. या दोन्हींबद्दल यूट्यूबवर उदंड माहिती आहे, म्हणून पुढे जातो. ज्याबद्दल कमी बोललं जातं ते रिगिंग. मॉडेल म्हणजे नुसता निर्जीव पुतळा. त्याच्या आत सांधे बसवायचे, कुठला सांधा वळला की कुठली कातडी किती ओढली जाईल ते ठरवायचं आणि अ‍ॅनिमेटरच्या हाती कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखी नियंत्रणं द्यायची. फक्त या बाहुलीच्या एकेका भुवईलाच कित्येक दोऱ्या असतात. रिग वाईट असेल तर उत्तम अ‍ॅनिमेटरही हतबल होतो: हात वर केला की खांदा चेपतो, बसवलं की मांडी पोटात घुसते. म्हणून रिग पास करण्याआधी पात्राला उठवून, बसवून, मूठ वळवून, पिळून बघायचं. रिगिंग चांगलं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि त्या मंडळींची ही तक्रार रास्त आहे.

मग येतो माझा विभाग. अ‍ॅनिमॅटिकमधला प्रत्येक शॉट आम्ही थ्रीडीत मांडतो: खरा सेट, खरी उंची, भिंग ठरलेलं, पात्रं मात्र अजून ताठ. कागदावर जे बसत होतं ते इथे बऱ्याचदा बसत नाही. चित्रकाराने दाराची उंची सोयीप्रमाणे बदललेली असते, दोन पात्रांतलं अंतर प्रत्येक चित्रात वेगळं असतं. शिवाय कॅमेऱ्याला काय दिसणारच नाही, हेही इथे ठरतं. खोलीची चौथी भिंत कधीच दिसणार नसेल तर ती बांधायचीच नाही. ज्यांनी लेआउटच्या आधीच अख्खी खोली बारकाव्यांसकट उभी केली, त्यांचे आठवडे वाया जाताना मी पाहिलेत.

लेआउट पक्का झाला की अ‍ॅनिमेशन, ज्याला लोक सगळंच काम समजतात. इथेही कच्च्याकडून पक्क्याकडे जायचं. अ‍ॅनिमेटर आधी स्वतः अभिनय करून त्याचा व्हिडिओ घेतो. मग ब्लॉकिंग: फक्त मुख्य पोझ, एकीवरून दुसरीवर थेट उडी. हलणं असं नसतंच, तरी शॉट जमलाय की नाही हे इथेच दिसतं. दिग्दर्शकाने होकार दिला की मधल्या हालचाली भरायच्या, म्हणजे स्प्लाइन. ही अवस्था बघवत नाही. ब्लॉकिंगमध्ये झकास वाटणारं पात्र अचानक पाण्यात तरंगल्यासारखं हलायला लागतं, कारण मधल्या फ्रेम संगणकाने भरलेल्या असतात आणि संगणकाला वजन कळत नाही. ते वजन परत आणणं हीच खरी मेहनत. शेवटी बोटं, पापण्या, श्वास यांवर बारीक हात फिरवायचा.

हाताने काढलेल्या टूडीमध्येही तर्क हाच: मुख्य रेखाटनं, मधली रेखाटनं, रेषा साफ करणं, रंग भरणं. तिथे एक रेखाटन दोन फ्रेम ठेवलं जातं, म्हणजे सेकंदाला १२ रेखाटनं पुरतात. वेगवान हालचालीला २४ काढावी लागतात. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ने थ्रीडीत मुद्दाम हीच युक्ती वापरली आणि डोळ्यांना ते वेगळं वाटलं. स्टॉप-मोशनचं, म्हणजे खऱ्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवत एकेक फोटो घेण्याचं, गणित निराळं आहे. तिथे शॉट पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत सरळ घ्यावा लागतो. मधली एक पोझ नंतर बदलू म्हणायची सोय नाही.

अ‍ॅनिमेशन मंजूर झाल्यावरच केस, कापड, धूर, पाणी यांचं सिम्युलेशन होतं, म्हणजे त्यांची हालचाल संगणक हिशेब करून काढतो. त्यानंतर कोणी हाताची हालचाल बदलली की बाहीचं सिम्युलेशन पुन्हा करावं लागतं, म्हणून उशिरा आलेल्या सूचनांना सगळे घाबरतात. मग प्रकाशयोजना आणि रेंडर. मोठ्या सिनेमांत एका फ्रेमला कित्येक तास लागू शकतात. फ्रेममागे १० तास धरले तर ९० मिनिटांच्या सिनेमाला एकट्या मशीनवर जवळपास १४८ वर्षं लागतील, म्हणून शेकडो-हजारो मशीन एकाच वेळी राबवतात. रेंडरमधून पात्र, पार्श्वभूमी, सावल्या वेगवेगळ्या थरांत काढून कंपोझिटिंगमध्ये जुळवतात, कारण फक्त सावली गडद करायची तर अख्खी फ्रेम पुन्हा कोण रेंडर करणार?

ध्वनीला लघुपटवाले नेहमी शेवटचे दोन दिवस देतात. अ‍ॅनिमेशनमध्ये जागेवरचा आवाज नावाची गोष्टच नसते. पाऊल, दाराची कडी, कपड्याची सळसळ, खोलीची शांतताही कोणीतरी बनवून घालावी लागते. त्याला वेळ ठेवा.

आता तुमचा लघुपट. तीन मिनिटं म्हणजे ४,३२० फ्रेम. चौघांना हे जड आहे, म्हणून गोष्टीतच काटछाट करा: दोनपेक्षा जास्त पात्रं नकोत, एकच जागा, संवाद शक्यतो नाहीत, लांब केस आणि पाणी अजिबात नाही. तीन मिनिटांऐवजी दीडच मिनिट का नको, हाही विचार करा. आधी कागदावर बोर्ड काढा, मोबाइलवर फोटो घ्या, कुठल्याही साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये लावा, स्वतःचे आवाज टाका. मग गोष्ट ठाऊक नसलेल्या कोणाला तरी दाखवा आणि ते बघत असताना तोंड बंद ठेवा. समजावून सांगावं लागलं की तो शॉट परत काढा.

अ‍ॅनिमॅटिक बघून कंटाळा येईनासा झाला की मग सॉफ्टवेअर. ब्लेंडर मोफत आहे, थ्रीडीचं जवळपास सगळं त्यात होतं आणि त्यातल्या ग्रीस पेन्सिल या चित्र काढायच्या साधनामुळे टूडीही करता येतं. ‘फ्लो’ त्यातच बनला. फक्त टूडी करणार असाल तर कृता किंवा ओपनटूंझ, दोन्ही मोफत. चौघांनी चार वेगवेगळी सॉफ्टवेअर घेऊ नका.

फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवा. शॉटना ०१०, ०२०, ०३० असे दहाच्या पटीत क्रमांक द्या, म्हणजे मध्ये नवा शॉट आला तर ०१५ करता येतो. आणि रेंडर करताना थेट व्हिडिओ काढू नका, प्रत्येक फ्रेमची वेगळी प्रतिमा साठवा. मशीन मध्येच बंद पडलं तर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करता येतं.