वरच्या टेबलवर कधी बसायचं?

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैशांचे ऑनलाइन पोकर अ‍ॅप बंद झाले, तेव्हापासून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पोरांकडून एक प्रश्न सारखा ऐकतेय, की मॅडम मी गोव्यात लाइव्ह खेळतोय, जिंकतोय, आता स्टेक वाढवू का, म्हणजे जास्त पैशांच्या, वरच्या टेबलवर बसू का. मी स्वतः पोकर खेळत नाही, पण या पोरांशी बोलता यावं म्हणून बसून शिकून घेतलं. त्यातल्याच एकाची गोष्ट, त्याला विचारून आणि तपशील बदलून लिहितेय.

पुण्यातला आयटीवाला, वय 32, लग्न झालेलं. शुक्रवारी रात्रीची स्लीपर पकडून पणजी, मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोवर शनिवार-रविवार खेळायचं आणि सोमवारी सकाळी परत ऑफिस. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांना टाकावे लागणारे पैसे, 100-200 चे, त्यातला 200 चा तो बिग ब्लाइंड. शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसायचं तर बायइन, म्हणजे बसताना टेबलवर आणायचे पैसे, 20 हजार. चार फेऱ्यांत 90 हजार जिंकला होता आणि आता 250-500 वर बसायचं म्हणत होता, जिथे तोच बायइन 50 हजारांचा. बोलताना खिशातली दोन-दोनची नाणी काढून माझ्या टेबलवर त्याच्या दोन चळती करून एका हाताने एकमेकांत सरकवत होता, चिप्सची करतात तशी, आणि मी पैशांचं काही विचारलं की हात तिथल्या तिथे थांबायचा.

आधी आम्ही हिशोब केला. चार फेऱ्या म्हणजे साधारण 50 तास, लाइव्हला तासाला 30 हँड, म्हणजे डाव, धरले तरी झाले 1500, आणि ऑनलाइन चार टेबल लावून तो हेच एका वीकेंडला खेळत होता. एवढ्या हँड्समध्ये नुसत्या नशिबानेच 350 बिग ब्लाइंड इकडचे तिकडे होऊ शकतात, त्याच्या टेबलवर म्हणजे 70 हजार. मग 90 हजारांतलं कौशल्य किती आणि पत्ते लागले किती, हे अजून कुणालाच सांगता येणार नाही, त्यालाही नाही. बसभाडं आणि हॉटेल त्याने कधी वजाच केलं नव्हतं. पत्त्यांतल्या कमाईवर 30 टक्के टॅक्स लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत हे त्याला माहीत होतं, पण त्याच्या हिशोबाच्या वहीत कुठे नव्हतं.

तो म्हणाला ठीक आहे, मग पोकरवाल्यांच्या नियमाप्रमाणे, हरलो तरी पुरावेत म्हणून, 30 बायइन वेगळे काढतो. नियम बरोबरच आहे. पण 30 गुणिले 50 हजार म्हणजे 15 लाख, आणि नवरा-बायकोचं मिळून सेव्हिंग 11 लाख, तेही फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेलं. यावर बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, मॅडम एक सांगायचं राहिलं, मी मागच्या वेळी एक तास वरच्या टेबलवर बसलो होतो. हातात क्वीनची जोडी, बोर्डवर नऊच्या वर काही नाही, समोरच्याने 18 हजार टाकले. खालच्या टेबलवर असतो तर विचारही न करता कॉल केला असता, म्हणजे तेवढेच पैसे टाकून डावात राहिलो असतो, म्हणे, पण 18 हजार ऐकलं आणि डोक्यात आलं की अरे हे तर आपलं घरभाडं, आणि पत्ते टाकून दिले.

माझ्या दृष्टीने उत्तर इथेच होतं. हातातली चिप चिप न राहता भाडं दिसायला लागली की माणूस पत्ते खेळतच नाही, घाबरून निर्णय घेतो, आणि ती भीती खोटी नाही, पैसे खरंच घराचे होते. मी त्याला कधीच म्हटलं नाही की वर जाऊ नकोस. म्हटलं, वर जायच्या आधी खाली कधी यायचं ते लिही, आणि ते बायकोला दाखव. पोकरसाठी वेगळं खातं, त्यात फक्त जिंकलेले पैसे, पगारातला एक रुपया नाही, खालच्या टेबलवर अजून 200 तास, आणि त्यानंतर वर बसलास तर दोन बायइन गेले की परत 100-200 वर, त्याच रात्री.

एक मात्र मी सगळ्यांना आधी विचारते. हरलेले भरून काढायला वर जायचंय का, कुणाकडून उसने घेतलेत का, घरी खोटा आकडा सांगितलाय का? यातलं एक जरी हो असलं तर स्टेकचं बोलणं बाजूला, आधी खेळ थांबवायचा आणि मदत घ्यायची, सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 वर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, लाजू नका प्लीज.

याच्या बाबतीत तिसऱ्याचं उत्तर अर्धं हो होतं, बायकोला तो जिंकलेलं सांगायचा, हरलेल्या रात्री गाळायचा. म्हणून वही दाखवणं त्याला सगळ्यात जड गेलं, दोन आठवडे टाळलं.

बऱ्याच महिन्यांनी त्याचा फोन आला. वरच्या टेबलवर बसला होता, दीड बायइन हरला, अजून 25 हजार समोर होते पण झोप यायला लागली म्हणून उठला, बोटीने जेट्टीवर आला आणि तिथूनच बायकोला फोन लावला. तिने आकडा विचारला, म्हणे, आणि मी खरा सांगितला.