आफ्रिकेला गेलेल्या पणजोबांचा माग

अरे, गोव्याहून आफ्रिकेला गेलेल्या पणजोबांचा माग काढायचा म्हणतोस, तर सुरुवात कागदांपासून करू नकोस. आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आत्येकडे जा. साल विचारलंस तर ती गप्प होईल. 'पणजोबा बोटीवर चढले तेव्हा आजोबा केवढे होते?' असं विचार, मग बोलेल. आणि याच आठवड्यात जा. माझी आत्या गेली तेव्हा निम्मे प्रश्न विचारायचेच राहिले होते, ती रुखरुख अजून आहे.

खरी अडचण नावांची. पोर्तुगीज कागदांत शेणवीचा 'सिनाय' होतो, प्रभूचा 'पोरोबो', कामतचा 'कामोतीं'. आजच्या आडनावानं शोधत बसलास तर समोरची नोंदही निसटेल. गावांचंही तेच: मोझांबिकचं लोरेन्सो मार्किस १९७६ पासून मापुतो झालं, जुन्या पाकिटांवर पहिलंच नाव असणार.

कुलदेवतेच्या देवळातली महाजनांची, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांची, यादी जरूर बघ. जुने सरकारी कागद पणजी शहरातल्या पुराभिलेख खात्यात.

आणि पणजोबा परदेशी असताना घर, शेत, मुलं जिनं सांभाळली, तिचं नाव वंशावळीत बहुधा नसतंच. तेही विचार, माहेरचं आणि लग्नात बदललेलं, दोन्ही.