कम्युनिटी कॉलेजमधून सोशल वर्क: आधी बी.कॉम.चं काय ते बघा

तुम्ही विचारलंय की नाशिकचं बी.कॉम. आहे, कॅलिफोर्नियात येऊन तीन वर्षं झाली, एच-४ (नोकरदार जोडीदारामुळे मिळणाऱ्या) व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालाय, तर घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात सोशल वर्क शिकून नोकरी लागेल का. मी याच वाटेने गेले आणि आता डायलिसिस सेंटरवर काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

नोकरी लागेल. पण कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर लागते ती केस एड (सोशल वर्करच्या हाताखालचा मदतनीस), कम्युनिटी हेल्थ वर्कर किंवा बेघरांच्या शेल्टरमधली. काम मोलाचं असतं, पगार बेताचा. सोशल वर्कर म्हणून हॉस्पिटल किंवा समुपदेशन डोक्यात असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स, बहुतेक लागतेच. डायलिसिस सेंटरच्या सोशल वर्करकडे मास्टर्स हवीच, असा इथल्या केंद्र सरकारचा नियमच आहे.

म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी मार्कशीटचं इव्हॅल्युएशन, म्हणजे आपली डिग्री इथे कशाच्या बरोबरीची धरतात याची तपासणी, करून घ्या. एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेची बॅचलर्स चालते, पण आपली तीन वर्षांची डिग्री काही विद्यापीठं पूर्ण धरतात, काही धरत नाहीत. धरली, तर कम्युनिटी कॉलेजात राहिलेले दोन-चार विषय तेवढे करा आणि थेट एमएसडब्ल्यूला अर्ज करा. नाही धरली, तर कम्युनिटी कॉलेजात पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर'च घ्या. ती ६० युनिटची असते (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप) आणि तिच्यावर कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठात बॅचलर्सच्या तिसऱ्या वर्षाला जागा मिळते, कॅम्पस मात्र मनासारखा मिळेलच असं नाही. मी हे कुणाला विचारलं नाही. विद्यापीठात ट्रान्स्फर न होणारे विषय घेत बसले आणि त्यात माझी दोन सेमिस्टर गेली. ते अजून लागतं मनाला.

राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे ४६ डॉलर आहे. पुढे बीएसडब्ल्यू (सोशल वर्कची बॅचलर्स) केलंत, तर बऱ्याच ठिकाणी एमएसडब्ल्यू साधारण एका वर्षात होतं. एलसीएसडब्ल्यू, म्हणजे स्वतंत्रपणे समुपदेशन करू शकणारा परवानाधारक सोशल वर्कर, व्हायला एमएसडब्ल्यूनंतर 'असोसिएट' (उमेदवार) म्हणून नोंदणी, देखरेखीखाली ३,००० तास आणि परीक्षा. तास भराभर उरकता येत नाहीत, किमान १०४ आठवडे लागतातच.

तरीही कम्युनिटी कॉलेजला कमी लेखू नका. पहिल्याच सेमिस्टरला मला फूड बँकेत तास भरायचे होते. एका माणसाने तांदूळ आणि डाळ परत ठेवली. मला वाटलं, आवडत नसेल. तो गाडीत राहत होता, शिजवणार कशावर? तेव्हापासून पिशवी भरायच्या आधी मी विचारते, "चूल आहे का?" माझ्या वर्गात चाळिशीच्या बायका होत्या, रात्रपाळी करून येणारे होते, आणि या प्रश्नांची उत्तरं त्यांना पुस्तकाआधीच ठाऊक होती.

आणि तुमची मराठी वाया जाणार नाही. आमच्याकडे एक आजोबा कित्येक महिने मुलासमोर इंग्रजीत "फाइन, फाइन" म्हणायचे. एकदा मुलगा पार्किंगमध्ये गेलेला असताना मी म्हटलं, "आजोबा, जेवण जातंय का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "पोरी, नको वाटतं गं हे सगळं." त्या दिवशी नर्सला, डॉक्टरांना सांगितलं आणि आजोबांच्या उपचारांबद्दल पहिल्यांदा आजोबांशीच बोलणं झालं.

इव्हॅल्युएशनचा निकाल आला की इथेच लिहा. कुठले विषय घ्यायचे ते एकत्र बसून ठरवू.