व्हिडिओ संपतात, अभ्यास होत नाही

"मॅडम, कोर्स मीच निवडला, पैसेही मीच भरले. तरी लॅपटॉप उघडला की हात फोनकडे जातो. माझ्यात जिद्दच नाही का?" मेडिकल कोडिंग, म्हणजे रुग्णाच्या नोंदीतल्या आजारांना आणि उपचारांना ठरावीक कोड देण्याचं काम, ऑनलाइन शिकणारी मुलं-मुली मला हे वारंवार विचारतात. नागपूरच्या नंदनवन भागातला एक बी.फार्म. झालेला मुलगाही हेच घेऊन आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

झोप, भूक, मित्रांशी बोलणं आधी विचारून घेतलं. तिथे गडबड असती तर उपाय वेगळा असता. तसं काही नव्हतं. मग वही मागितली. सुंदर अक्षरात कोडच कोड, पाठ करायला उतरवलेले! आयसीडी-10-सीएम या आजारांच्या कोडसूचीत सत्तर हजारांच्या वर कोड आहेत आणि दरवर्षी 1 ऑक्टोबरला त्यांत बदल होतात. ते घोकायला बसलेला माणूस कंटाळणार नाही तर काय? सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेला कोडची पुस्तकं सोबत ठेवता येतात. 4 तासांत 100 प्रश्न, पास व्हायला 70 टक्के. कस लागतो तो चटकन शोधण्याचा आणि नियम लावण्याचा. नुसते व्हिडिओ पाहून त्यात हात बसत नाही.

त्याच्याच सराव-संचातली रुग्णाची एक नोंद काढली: टाइप 2 मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, स्टेज 3ए. त्याने पाठ असलेला ई11.9 लिहून टाकला, म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह. पुस्तक उघडायला लावलं. इंडेक्समध्ये मधुमेहाखाली 'विथ', त्याखाली किडनीचा आजार. डॉक्टरांनी वेगळं कारण लिहिलेलं नसेल तर दोन्हींचा संबंध धरायचा, असा नियम. म्हणून ई11.22, आणि तिथली सूचना वाचून स्टेजसाठी एन18.31. "अरे, हा आजार तर मी फार्मसीतच शिकलोय," म्हणाला आणि स्वतःहून पुढची नोंद काढली.

ठरवलं ते इतकंच: सकाळी पाच नोंदी, व्हिडिओ न लावता. (मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी अभ्यास करा, असं मी कोणालाच सांगत नाही.) चुकलं तर वहीत कारण लिहायचं: इंडेक्सवरच थांबलो, सूचना वाचली नाही, काही कोडच्या शेवटी लागणारं सातवं अक्षर राहिलं. काही दिवसांत त्यालाच दिसलं, बहुतेक घोळ फ्रॅक्चरच्या कोडमध्ये. मग व्हिडिओ तेवढ्यापुरताच. "काय बे, दिवसभर मोबाईलच?" म्हणणारे वडीलही टेबलावर जाड पुस्तक दिसू लागल्यावर जरा निवळले.

एक मात्र आधीच सांगते. अनुभव नसताना पास झालात तर सीपीसीपुढे अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊचा, 'ए' लागतो. 'शंभर टक्के नोकरी'च्या जाहिरातीवर उमेद बांधलीत तर पहिल्याच नकाराला ती ढासळते. आणि दोन आठवडे स्वतः नोंदी सोडवूनही हे काम नकोसंच वाटलं, तर पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी येऊन बोला.