बाबांना पॅलिएटिव्हकडे पाठवलंय, म्हणजे उपचार संपले का?

हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या आवाजांत येतो. कुणी चिडून विचारतं, कुणी रडत, कुणी पेशंटला बाहेर बसवून आत येऊन कुजबुजत. मोठ्या डॉक्टरांनी फाइलवर ‘पॅलिएटिव्ह विभागाला दाखवा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ लावून झालेला असतो : डॉक्टरांनी हात टेकले. मी याच विभागात, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या विभागात, समुपदेशक आहे. ‘नाही हो, उपचार संपलेले नाहीत’ एवढ्यावर कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून एका घराची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या दिवशी मुलगी एकटीच आली. वडील सत्तरीच्या आसपासचे, फुप्फुसाचा कॅन्सर, कंबरेच्या हाडात उतरलेला. केमो चालू होती. पाठ टेकली की कळ यायची म्हणून रात्रभर खुर्चीत बसून राहायचे. त्यांना आजाराचं नाव सांगितलेलं नव्हतं. ‘फुप्फुसात जुना संसर्ग आहे’ एवढंच. खुर्चीवर बसायच्या आधीच मुलीने अटी सांगितल्या. बाबांसमोर कॅन्सर हा शब्द काढायचा नाही. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं अफूच्या जातीचं औषध) द्यायचं नाही. आणि केमो बंद करणार असाल तर आम्ही पुन्हा येणार नाही.

तिसरी अट सगळ्यात सोपी होती, कारण केमो बंद करायचा प्रश्नच नव्हता. दुखणं, धाप, मळमळ, झोप उडणं, भीती, घरच्यांची दमछाक, या सगळ्याकडे बघणारी आमची टीम असते, आणि ती मूळ आजाराच्या उपचारांबरोबर, अगदी निदान झाल्या दिवसापासूनही काम करू शकते. हे फक्त कॅन्सरपुरतंही नाही. हृदय कमजोर झालेले, मूत्रपिंड निकामी झालेले, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असलेले, लहान मुलंसुद्धा आमच्याकडे येतात. मुलीला मी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर नुकताच कळलेले 151 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटातली माणसं कमी खचली, त्यांचं रोजचं जगणं जास्त सुसह्य झालं. शेवटच्या काळात त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, तरीही ती सरासरी अडीच महिन्यांहून थोडी अधिकच जगली. आयुष्य वाढल्याचं पुढच्या प्रत्येक अभ्यासात दिसलेलं नाही, आणि तसं आश्वासन मी कुणाला देत नाही. पण ‘पॅलिएटिव्हकडे गेलं की माणूस लवकर जातो’ ही भीती मात्र तिथे खोटी ठरते.

आमच्या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं, तर वडिलांना रेडिएशनकडे पाठवलं. कंबरेच्या त्या एका जागी, एकदाच. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर एका वेळच्या रेडिएशनचाही चांगला उपयोग होतो. मात्र फरक पडायला काही दिवस, कधी दोन-चार आठवडे लागतात. मुलगी म्हणाली, “तुम्ही उपचार करता?” मी तिला दोष देत नाही. हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

रेडिएशनचा गुण येईपर्यंत मधल्या दिवसांत दुखणं कसं काढायचं, यावरून गाडी मॉर्फिनवर आली.

मॉर्फिनबद्दल लोक जे बोलतात ते मला पाठ आहे. सवय लागेल. झोपवून ठेवाल. आत्ताच दिलं तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा चालणार नाही. श्वास थांबेल. मुलगी हो-नाही करत तयार झाली, गोळ्या घेऊन गेली, आणि पुढच्या भेटीत कळलं की बाबा विव्हळले तरच ती गोळी देत होती, तीही अर्धी. तिच्या मते ती बाबांना जपत होती. प्रत्यक्षात वडिलांच्या वाट्याला दुखणं पूर्ण आणि औषध अर्धं येत होतं.

कॅन्सरच्या वेदनेचं औषध घड्याळावर द्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 पासून हेच सांगितलं आहे : शक्यतो तोंडावाटे, आणि ठरलेल्या वेळी. साध्या मॉर्फिनचा अंमल चारेक तास राहतो, म्हणून पुढचा डोस दुखणं डोकं वर काढायच्या आत. मध्येच कळ आली तर वेगळा जादा डोस लिहून दिलेला असतो. दुखेल तेव्हाच द्यायचं ठरवलं तर माणूस दिवसभर घड्याळाकडे बघत पुढच्या कळेची वाट पाहतो, आणि घरच्यांना ते व्यसन वाटतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, थोडी मळमळते. ते बहुधा ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. (हे औषध ‘बाकीच्या गोळ्या खूप झाल्या’ म्हणून सगळ्यात आधी बंद केलं जातं, आणि मग शिव्या मॉर्फिनला बसतात.) मॉर्फिनची एक ठरलेली कमाल मात्रा नसते, दुखणं वाढलं तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात, त्यामुळे ते ‘पुढच्यासाठी राखून’ ठेवण्याची गरज नसते. थोड्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवलं तर श्वास थांबण्याचा धोका फार कमी. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तेव्हा. आपल्या मनाने वाढवायचं नाही, तसंच आपल्या मनाने अर्धं करायचं नाही.

वडिलांची आणि माझी गाठ पडली ती नंतर. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं आम्ही सगळ्यांना विचारतो. ते म्हणाले, “आकडे मला विचारू नका. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. पाठ टेकवता आली का, ते विचारा.” मग आमच्या नोंदीत तेच लिहायला लागलो : पाठ टेकली, दोन तास. पुढे चार तास. रेडिएशनचा गुण आल्यावर रात्रभर.

एकदा मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. मी विचारलं, “काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

“संसर्गाला कुणी केमो देत नाही, मॅडम. ज्या खोलीत सलाईन लावतात तिच्या दारावर पाटी आहे. मला वाचता येतं.”

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि मग विचारलं, “गुदमरून जाणार का मी?”

सगळं घर त्यांच्यापासून कॅन्सर लपवण्यात गुंतलेलं होतं, आणि त्यांच्या मनातली भीती ही होती. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणाला कळली नव्हती. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वडिलांना धाप लागली तर काय करायचं ते एकेक करून सांगितलं : उशा लावून पुढे झुकून बसायचं, पंख्याचा झोत चेहऱ्यावर घ्यायचा, मॉर्फिनची थोडी मात्रा धापेवरही चालते, आणि तरीही घाबरायला झालं तर त्याचं वेगळं औषध घरात तयार ठेवायचं. रात्री फोन कुणाला करायचा, तेही. हे कागदावर लिहून त्यांनी वडिलांच्या हातात दिलं. काकांनी तो हिशेबाचा कागद असल्यासारखा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि एक चूक काढली : फोन नंबरातला एक आकडा नीट लागत नव्हता.

सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण) सुरू केलं, तिथून आजच्या हॉस्पिस चळवळीची सुरुवात मानतात. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. म्हणजे मधली काही वर्षं त्या आमच्याच बाजूच्या टेबलावर बसत होत्या, हे मी जरा मिरवूनच सांगते. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अशी सगळी मिळून एक असते, हे त्यांचं म्हणणं. काकांच्या बाबतीत ते अगदी सरळ दिसलं. गुदमरण्याची भीती बोलून टाकली त्या आठवड्यात जादा डोस निम्म्यावर आले.

मुलीची पहिली अट अशी आपोआप गळून पडली. मी कुणाला आजार ‘सांगून टाकत’ नाही. पण पेशंटने सरळ विचारलं तर खोटंही बोलत नाही, आणि हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवते. काकांच्या संमतीने मी मुलीला म्हटलं, “बाबांना माहीत आहे.” ती आधी माझ्यावर चिडली, मग बाबांवर. त्यानंतर दोघं कागदपत्रं, आईचं पुढे कसं, यावर बोलायला लागले आणि वादही घालायला लागले. वाद घालणारं घर मला गप्प घरापेक्षा केव्हाही परवडतं.

पुढच्या स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला. परदेशातला थोरला मुलगा धावत आला. दूरवरून येणाऱ्या मुलाच्या मनात अपराधीपणा असतो आणि तो जवळच्यांवर राग होऊन निघतो. “तुम्ही इतक्यात हरलात?” असं तो बहिणीला माझ्यासमोरच म्हणाला. अजून एक केमो देऊन बघता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांना एकत्र बसवलं, काकांनाही. काकांनी डॉक्टरांना विचारलं, “त्याने साधारण किती वेळ मिळेल? आणि त्यातला किती दवाखान्यात जाईल?” मी आता प्रत्येक घराला हे दोन प्रश्न विचारायला सांगते. उत्तर ऐकून त्यांनी केमो नको म्हटलं. आयसीयू नको, श्वासाचं मशीन नको, हेही सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. (अशा लेखी इच्छेचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन, पेशंट स्वतः बोलू शकतो तोवरच हे करावं.) थोरल्याला ते पटलं असं नाही. पण निर्णय बहिणीचा नसून बाबांचा आहे, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

इथून पुढची सेवा हॉस्पिसची. आजार हटवण्याचे उपचार थांबले आहेत आणि हाताशी थोडे महिने किंवा आठवडे आहेत, अशा वेळची ही पॅलिएटिव्ह सेवा. अमेरिकेत विम्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा धरतात. इतरत्र नियम निराळे. ती घरीही मिळू शकते. काकांना घरीच राहायचं होतं. पण काकू रात्र रात्र जागून इतक्या थकल्या की एकदा त्याच चक्कर येऊन पडल्या. आम्ही काकांना आठवडाभर हॉस्पिसमध्ये ठेवायचं सुचवलं, तेव्हा काकूंनी रडायला सुरुवात केली. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही, अशी त्यांची समजूत. काका परत आले. त्या आठवड्यात त्यांची धाप आटोक्यात आली, काकू झोपल्या, आणि मुलीने नर्सकडून कातडीखाली बसवलेल्या बारीक सुईतून औषध कसं द्यायचं ते शिकून घेतलं. काही जण हॉस्पिसमध्येच जातात. घरी न्यायचं वचन मोडलं म्हणून त्यांची मुलं वर्षानुवर्षं स्वतःला खातात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. दुखणं घरी आवरत नसेल तर घर हा हट्ट होऊ नये.

शेवटच्या दिवसांत काकांनी खाणं सोडलं. काकूंचा प्रश्न ठरलेला : “उपाशी ठेवायचं का त्यांना? निदान सलाईन तरी लावा.” शरीर मिटत येतं तेव्हा भूक आधी जाते, बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईनने तोंडाची कोरड जात नाही, उलट सूज येते, छातीत पाणी साठून घरघर वाढू शकते. त्यापेक्षा ओल्या बोळ्याने तोंड पुसत राहणं, ओठांना काहीतरी स्निग्ध लावणं उपयोगी. काकूंना करायला काम मिळालं आणि त्यांनी ते मन लावून केलं. हातपाय गार पडतील, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, घशात घरघर होईल, ती ऐकणाऱ्याला जितकी सहन होत नाही तितका त्रास सहसा पेशंटला होत नसतो, हे सगळं आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या रात्री कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही.

काही आठवड्यांनी मुलगी उरलेलं मॉर्फिन परत करायला आली. ते घरात ठेवायचं नसतं. पिशवी टेबलावर ठेवून ती उठली नाही. “शेवटचं इंजेक्शन मी दिलं,” ती म्हणाली. “त्यानंतर तासाभरात गेले.”

हा प्रश्न मला ठाऊक होता. फार जण तो कधीच विचारत नाहीत, मनात घेऊन हिंडतात. मी नर्सला फाइल आणायला सांगितली आणि नोंदी मुलीलाच वाचायला दिल्या. मात्रा चार दिवसांत वाढलेली नव्हती. श्वास बदलला होता तो आदल्या संध्याकाळी, त्या इंजेक्शनच्या कितीतरी आधी. दर चार तासांनी औषध चालू असेल तर माणूस कधीही गेला तरी कुठलं ना कुठलं इंजेक्शन शेवटचं ठरणारच, आणि ते कुणाच्या तरी हातचं असणार.

तिने ते पान पुन्हा वाचलं. “आईलाही हे दाखवाल का?” तिने विचारलं. “तिला वाटतंय, तिने पाणी पाजलं नाही म्हणून गेले.”

पुढच्या आठवड्यात काकूंची वेळ ठरवली. थोरल्यानेही फोनवरून हजर राहायचं कबूल केलं.